बोटभर जागा

माणूस जोडा घ्यायला दुकानात गेला की चार जोडे पायांत घालतो, दोन येरझाऱ्या घालतो, आणि मगच पैसे मोजतो. टोपी घेताना आरशात बघतो. चष्म्याची काडी कानामागे बोचत नाही ना, याची खात्री करून घेतो. पण पेन घेताना तो काय करतो? निब कागदावर टेकवतो, झोकात एक सही ठोकतो, टोपणाची चकाकी पाहतो आणि पेन खिशाला लावतो. ज्या जागी त्याची तीन बोटे पुढली कित्येक वर्षे नांदायची, त्या जागेकडे तो ढुंकूनही पाहत नाही. जागा फार मोठी नसते. निबेच्या मागे आणि दांडीच्या पुढे, जेमतेम बोटभर. पेन बनवणारे तिला 'सेक्शन' म्हणतात. मी तिला पेनाची मान म्हणतो. माणूस काय किंवा पेन काय, सारा भार मानेवर असतो आणि ती दुखू लागेपर्यंत तिची आठवण कोणाला येत नाही.

मी मुळात टर्नर. उमेदीची तीसएक वर्षे मुंबईत लेथपुढे उभा राहिलो आणि निवृत्तीनंतर बुरोंडीला, आपल्या घरी, परत आलो. लाडघर आणि कोळथरे यांच्या मध्ये समुद्राला बिलगून असलेले आमचे गाव आता लोकांना ठाऊक झाले आहे ते टेकडीवर पृथ्वीच्या गोलावर उभ्या असलेल्या परशुरामामुळे. येणारे परशुरामाला नमस्कार करतात, लाडघरला जाऊन तामसतीर्थाचे तांबूस पाणी पाहतात आणि मासे खाऊन परततात. आमच्या पडवीत आंब्याच्या पेट्या रचायच्या जागी एक लहानसा लेथ बसवलेला आहे आणि त्यावर एक म्हातारा पेने कातत बसलेला असतो, हे त्यांना कशाला कळायला हवे?

पेने कातायची ती एबोनाइटची. रबरात थोडे गंधक घालून तापवले की ते टायरचे रबर होते. तेच गंधक तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास घातले की काळाभोर, लाकडासारखा कठीण पदार्थ तयार होतो. अबनुसासारखा दिसतो म्हणून त्याचे नाव एबोनाइट. अमेरिकेत १८५१ साली नेल्सन गुडइयर याने त्याचे पेटंट घेतले, आणि १८८४ साली वॉटरमनने आपल्या फौंटनपेनाचे पेटंट घेतल्यानंतर कितीतरी वर्षे चांगली पेने याच पदार्थाची होत असत. लेथवर त्याची साल निघू लागली की पडवीभर गंधकाचा वास सुटतो आणि घरातून खोकण्याचे आवाज येऊ लागतात. पण हातात धरावे तर एबोनाइटसारखे दुसरे काही नाही. धातूसारखे ते थंड लागत नाही आणि कोकणातल्या घामट हवेत बोटांखालून निसटत नाही. शिवाय त्यातून हाताची ऊब पटकन आत जात नाही. हा गुण मोठा आहे. ड्रॉपरने थेट दांडीतच शाई भरायच्या पेनात शाई अर्ध्यावर आली की वरच्या पोकळीत हवा भरते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते. मग ऐन सहीच्या वेळी कागदावर टपोरा थेंब पडतो आणि लोक बिचाऱ्या निबेला दोष देतात!

हाताने पेने घडवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशीच्या ओढीने पेने करायला घेतली, आणि १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून त्यांच्या पेनाची पसंती कळवली. इकडे मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईचा धंदा सुरू केला, आणि पुढे त्यांच्या उंटाने महाराष्ट्रातल्या पिढ्यान् पिढ्यांची बोटे निळी केली. त्याआधी होता टाक आणि त्याच्याही आधी बोरू. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग त्यांना अक्षरे टांगत जाई. हात उचलायचे काम कमी. देवनागरीत आपण अक्षरे आधी लिहितो आणि शब्द पुरा झाला की डोक्यावरून रेघ ओढतो. त्या प्रत्येक रेघेला पेन बोटांत किंचित वळू पाहते. पेनाची मान बारीक आणि गुळगुळीत असली की बोटे आपोआप आवळतात. चार पाने लिहून झाली की अंगठा ठणकतो, मधल्या बोटाच्या पेरावर घट्टा पडतो आणि आपण म्हणतो, हल्ली लिहवत नाही.

मान कशी असावी, हे मला पुस्तकांनी थोडे शिकवले आणि गावाने पुष्कळ शिकवले. आमच्याकडच्या कोयत्याची मूठ पाहा. मधे किंचित निमुळती आणि शेवटी फुगलेली. घाव घालताना कोयता हातातून सुटून जाऊ नये म्हणून ती बोंडी. पेनाच्या मानेलाही निबेच्या अंगाला असाच ओठ काढावा लागतो. नाहीतर बोटे घसरत घसरत शाईत जातात. जात्याचा खुंटा पाहा. त्याला कोपरा म्हणून नसतो, कारण दळताना तो मुठीत फिरत असतो. वल्ह्याचा दांडा पाहा. दोन हात जिथे पडतात तिथे तो जाड-बारीक झालेला असतो. निम्मे काम सुताराने केलेले, निम्मे खाऱ्या हातांनी. ही हत्यारे घडवणाऱ्यांनी कधी मिलिमीटर मोजले नाहीत. ज्याच्यासाठी करायचे त्याचा हात त्यांच्या नजरेसमोर असे, एवढेच.

मी मात्र मोजतो. सवय जात नाही. माझ्याजवळ सागवानी कांड्यांचा एक जुडगा आहे, नऊ मिलिमीटरपासून सोळापर्यंत. पेन मागायला आलेल्या माणसाच्या हाती मी आधी या कांड्या देतो आणि डोळे मिटून त्या हवेत लिहून पाहायला सांगतो. बहुतेकांची बोटे दहा-अकराच्या आसपास सुखावतात. आणखी बारीक करायचे म्हटले तरी एक अडचण असतेच : मानेच्या पोटात निब आणि तिची जीभ बसवायची असते. मोठ्या निबेला सहा-साडेसहा मिलिमीटरचे भोक लागते. बाहेरून फार कोरले तर भिंत कागदासारखी उरते आणि एक दिवस टेबलावरून पडल्याचे निमित्त होते. मग टोपणाचे आटे. ते तीक्ष्ण ठेवले तर बोटाला करवतीसारखे लागतात. त्यांच्या धारा मारून गोल कराव्या लागतात. मान आणि दांडी यांच्यामधली पायरी उंच झाली की तीही बोचते. बोटभर जागेत केवढा हा संसार!

जर्मनीत १९८० साली 'लॅमी सफारी' नावाचे पेन शाळकरी मुलांसाठी निघाले. त्याच्या मानेला दोन बाजूंनी सपाट पैलू आहेत. अंगठा इथे, तर्जनी इथे, असे ते पेनच मुलाला सांगते. मास्तरांनी मूठ धरून गिरवायला लावावे, तसे. मुलांचे त्याने भलेही होते. पण ज्याचा हात वेगळ्या वळणाचा आहे, त्याच्याशी ते पेन दिवसभर हुज्जत घालते. पाहुण्याला बसायला पाट द्यावा, मांडी कशी घालायची ते त्याचे त्याला ठरवू द्यावे, असे माझे मत. आणि हे मत पक्के झाले ते वहिनीमुळे.

मी सात वर्षांचा असताना वहिनी या घरात आली. तेव्हापासून मी तिला 'भावजी' आणि 'तुम्ही'. ती मात्र मला 'वहिनी' आणि 'तू'. त्या काळची सातवी फायनल पास झालेली सून म्हणून वाडीत तिचा मान होता. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांना पत्रे लिहायची असली की बायका ओटीवर तिच्याभोवती बसत. माझी मूठ आपल्या मुठीत धरून तिनेच माझ्याकडून कित्ता गिरवून घेतला. आज तिला ऐंशी उलटून गेली आहेत. उजव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा सुजून वर आला आहे. बॉलपेन दाबल्याशिवाय उमटत नाही आणि दाबले की कळ थेट कोपरापर्यंत जाते. हळूहळू तिचे लिहिणे सुटले.

दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. दादांच्या मागे तिला पेन्शन मिळते. गेल्या खेपेला तिची सही जुळेना. खिडकीतला मुलगा भला होता. त्याने शाईचा ठोकळा पुढे सरकवला आणि म्हणाला, "आजी, अंगठा द्या, म्हणजे लगेच होईल." वहिनीने ठोकळा शांतपणे त्याच्याकडे परत सरकवला. "मी फायनल पास आहे," एवढेच बोलली आणि दाखला न देता घरी आली. वाटेत रिक्षात तिने एक अक्षर काढले नाही. ज्या भाषेत निरक्षराला अंगठेबहाद्दर म्हणतात, त्या भाषेत तिने आयुष्यभर पत्रे लिहिली होती. आज त्याच दुखऱ्या अंगठ्याने तिला निरक्षर ठरवायचे?

दुसऱ्या दिवशी मी कांड्यांचा जुडगा घेऊन स्वयंपाकघरात गेलो. वहिनी पोहे परतत होती. माझे लक्ष तिच्या उलथण्याकडे गेले. त्याच्या दांड्याला तिने जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधली होती. तिच्या हाताने आपले उत्तर केव्हाच शोधले होते. विचारायला मात्र कोणी आले नव्हते. जाड वस्तू धरायला बोटांना कमी मिटावे लागते आणि चिमटीचा जोर सांध्यावर कमी पडतो, हे वैद्य सांगतात तेच हे. कांड्यांपैकी तिने चौदाची उचलली. आणि धरली कशी? अंगठा नुसता टेकवून, कांडी तर्जनी आणि मधले बोट यांच्या बेचक्यात ठेवून.

म्हणजे बोटे नेहमीपेक्षा मागे पडणार. तिथे टोपणाचे आटे येऊन चालणार नव्हते. म्हणून मी आटे पुढे, थेट निबेजवळ नेले आणि मान लांब केली; चौदा मिलिमीटर, मधे जरासा खळगा, शेवटी ओठ. पायरी अजिबात ठेवली नाही. दांडी आखूड केली, म्हणजे मागचा भार हाताला ओढणार नाही. वरून चकचकीत पॉलिश न देता बारीक काचकागदाची घासणी तशीच राखली. निब जराशी रुंद आणि मोकळी घेतली. फौंटनपेनाची ही मोठी कृपा आहे : शाई केशाकर्षणाने आपली आपण कागदाकडे धावते, तिला दाबावे लागत नाही. नुसता स्पर्श पुरतो.

वहिनीने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आधी 'श्री' काढले. मग आपले नाव. मग पुन्हा नाव. मी लेथ पुसण्याचे निमित्त करून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा पान भरले होते. अक्षर पूर्वीचे नव्हते. उभ्या रेघा थरथरत होत्या. पण डोक्यावरची रेघ सरळ होती.

ती सही जुन्या सहीशी काही जुळली नाही. तरुणपणीची सही म्हातारपणी कोणाची जुळते? पण बँकेने नव्या सह्यांचा नमुना घेतला आणि दाखलाही घेतला. खिडकीतल्या मुलाने पेन हातात घेऊन न्याहाळले आणि विचारले, "आजी, हे कुठे मिळतं?" वहिनी म्हणाली, "मिळत नाही. हातावर बेतून घ्यावं लागतं."

मला वाटले, आता घरी आल्यावर माझेही थोडे कौतुक होईल. तर म्हणते, "पेन बरं आहे, भावजी. मान तेवढी जाड झालीय. पण या वयात तुमची-माझी सगळ्यांचीच होते."

दिवाळीत मुलांना, भाऊबीजेला बहिणींना पेन देणारे लोक अजून आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे, की दुकानात सही ठोकू नका. सही दोन क्षणांत संपते. चांगल्या चार ओळी लिहून पाहा, टोपण मागे लावून आणि न लावून. आणि ज्याला द्यायचे त्याचा हात एकदा आठवून पाहा. डावखुरा असेल, बोटे लहान असतील, तळवे घामट असतील. पेन घडवण्यातली निम्मी विद्या एवढीच आहे.

यंदाच्या फराळाची यादी वहिनीने स्वतः लिहून माझ्या लेथवर आणून ठेवली आहे. बेसन, रवा, पातळ पोहे, खोबरे, साखर. सगळे ठळक आणि वाचता येईल असे. सर्वांत शेवटी, दोनदा अधोरेखित केलेली एक ओळ आहे : 'भावजींना चकल्या मोजून. खोकला आहे.'