पाण्याचा भाव

सावलीत वाळवलेल्या दालचिनीच्या पाल्याला ओल्या पाल्याचाच दर! सिंधुदुर्गातल्या माझ्या मामीला मिळालेला हा हिशेब आठवला की अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते.

नारळी-पोफळीत दालचिनी, मिरी, जायफळ लावायची 'लाखी बाग' कोकणात आता नवी नाही. साल सोलली की पाला उरतो, त्याचं तेल निघतं, हेही सगळ्यांना ठाऊक. खरेदीदाराने अट घातली: पाला वाळवूनच आणायचा, तोही उन्हात नाही. मामीने माळा रिकामा केला, गोणपाटं अंथरली, रोज पानं खालवर केली. वजन निम्म्याहून खाली आलं. किलोचा दर मात्र तोच.

"पानां सुकल्यार वजन खंय रवतला?" मामीने विचारलं. त्याने नुसतं काट्याकडे बोट दाखवलं.

गणित सोपं आहे. १०० किलो ओल्या पाल्यात एक किलो तेल आहे असं धरू. पाला वाळून ४५ किलो झाला की तेच तेल एका टक्क्याचं सव्वादोन टक्के दिसतं. तेल वाढलेलं नसतं, पाणी उडालेलं असतं. म्हणजे खरेदीदाराला निम्म्याहून कमी पैशांत जवळपास तेवढंच तेल. शिवाय भट्टीत एका खेपेला जास्त पाला मावतो, जळण वाचतं. वाळवायची मेहनत मामीच्या अंगावर!

सावलीचा आग्रह मात्र खोटा नव्हता. या पानांच्या तेलात मोठा वाटा युजेनॉलचा. ते २५४ अंशांना उकळतं, त्यामुळे सहजी उडत नाही. पण पाइनीनसारखी हलकी द्रव्यं १५६ अंशांची. ऊन लागलं की आधी तीच जातात आणि वास बदलतो. दालचिनीचं तेल पानाच्या आतल्या पेशींत असतं. अख्खं पान ते धरून ठेवतं, चुरडलेलं सोडून देतं. ओला ढीग तसाच ठेवला तर आतून तापतो, बुरशी धरतो.

महागडं यंत्र म्हणजे उत्तम वाळवण, असंही नाही. दालचिनीच्याच कुळातल्या, भूमध्य सागराकाठच्या बे-लॉरेलच्या पानांवरचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. साध्या हवेत आणि ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवलेल्या पानांचा सुगंध बऱ्यापैकी टिकला. गोठवून वाळवलेल्या पानांचा बराचसा गेला. मामीच्या माळ्याला कमी लेखायचं कारण नाही.

दर पाल्यावर नको, तेलावर ठरव, असं मी तिला सुचवलं. क्लेव्हेंजर नावाच्या काचेच्या उपकरणात थोडी पानं उकळून तेल मोजता येतं. मामी म्हणाली, चार पोती पाल्यासाठी प्रयोगशाळा कोण शोधत बसणार?

पुढच्या खेपेला तिने पाला ओलाच नेऊन टाकला. खरेदीदार कुरकुरला, पण घेतला. ढिगात किती तेल बिघडलं असेल, या विचाराने मला उगाच हळहळ वाटली. मामीला अजिबात नाही.