वजूचं पाणी

राजीवड्यातल्या आमच्या घरात फजरच्या अजानीनंतर तांब्याचा आवाज यायचा. अम्मी वजू करायची. सहा वर्षांपूर्वी तो आवाज मध्येच तुटू लागला. उजव्या गालाला पाणी लागलं की ती तांब्या टाकून भिंतीला टेकायची. वीज चमकावी तशी कळ, काही सेकंदांचीच. पण दिवसातून कितीदा तरी. भाट्याच्या खाडीवरचा वारासुद्धा तिला सोसवेना. घास चावणं, बोलणं, हसणं, सगळ्याचीच धास्ती. तयम्मुम करायचं म्हटलं तरी चेहऱ्यावरून हात फिरवावा लागतोच.

एका दंतवैद्याने दोन चांगल्या दाढा काढल्या. कळ तिथेच. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. अम्मी एकदा हळूच म्हणाली, "मी इबादतीलाच घाबरायला लागले रे. अल्ला काय म्हणत असेल?"

पुढे निदान झालं : ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेचं दुखणं. बहुतेकदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या नसेवर दाबते, नसेचं आवरण झिजतं आणि साधा स्पर्शही कळ होऊन पोचतो. अकराव्या-बाराव्या शतकात होऊन गेलेल्या हकीम इस्माईल जुर्जानींनी चेहऱ्याच्या कळेचं कारण नसेलगतच्या धमनीतच शोधलं होतं, हे नंतर वाचलं. ती धमनी नसेपासून दूर करण्याचं ऑपरेशन अमेरिकेत पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकात विकसित केलं.

कार्बामाझेपिनच्या गोळ्यांवर दोन वर्षं बरी गेली. मग अम्मीचा तोल जाऊ लागला, रक्तातलं सोडियम घटलं. वय ७२, हृदय कमजोर. कवटी उघडायला डॉक्टर राजी नव्हते. मुंबईच्या डॉक्टरांनी दुसरी वाट सांगितली. गालातून सुई घालून कवटीच्या तळाच्या छिद्रातून नसेपर्यंत न्यायची, चिमुकला फुगा फुगवून थोडा वेळ नस दाबायची. सुईची दिशा रोबोटचा हात धरणार.

"यंत्र माझ्या गालात सुई खुपसणार?"

"नाही आजी. ते छिद्र सेंटिमीटरभरही नसतं. स्कॅनवर रस्ता मी आखतो, सुई मीच सरकवतो. रोबोट फक्त दिशा हलू देत नाही."

"गाल बधीर होईल?"

"होऊ शकतो. काही वर्षांनी कळ परतूही शकते."

अम्मी रात्रभर तसबीह फिरवत बसली. सकाळी म्हणाली, "चालेल."

घरी परतल्यावर पहिल्या फजरला मी दाराआड उभा होतो. तांब्याचा आवाज आला, तुटला नाही. अम्मी गाल चाचपत बाहेर आली.

"पाणी लागलं की नाही, कळतच नाही रे. बघ, भिजलाय ना?"

भिजला होता. आता रोज पहाटे मी तिला तेवढंच सांगतो.