गाल बसले

५ नोव्हेंबर
रंगभूमी दिन. नटराजपूजन, नारळ, नेहमीची भाषणं. रात्री ग्रुपवर फोटो आला. मी तापातून उठल्यासारखी दिसते. ताप नव्हता.

६ नोव्हेंबर
वॉचमन : ‘ताई, बरं नाही का?’ भाजीवाल्या मावशींनीही परवा हेच विचारलं. झोप तर व्यवस्थित होतेय.

७ नोव्हेंबर
रंगपटात सगळ्यांच्या आधी पोचले. आरशाभोवतीचे बल्ब लावले की उजेड चहूबाजूंनी येतो, सगळं सपाट करून टाकतो. ते बंद केले. डोक्यावरचा दिवा तेवढा ठेवला.
कानशिलं आत गेलीत. डोळ्यांखाली पन्हळ. गाल हाडावरून उतरून नाकाशेजारच्या घडीवर येऊन टेकलाय. हनुवटीच्या दोन्ही अंगांना जबड्याची रेघ तुटते. सुरकुत्या मोजक्याच. कातडी आईच्या वळणाची.
डाव्या बाजूच्या खड्ड्यांत दोन शेड उजळ पॅनकेक भरला. डावा चेहरा पन्नाशीच्या अलीकडे आला, उजवा साठीला टेकलेलाच. मुलं यायच्या आत तोंड धुतलं.

९ नोव्हेंबर
राज्य नाट्य स्पर्धेची तालीम. म्हातारा करणारा पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दिग्दर्शकाला त्याच्या कपाळावर आठ्या हव्यात, डोळ्यांच्या कडेला रेघोट्या हव्यात. म्हटलं, रेघोट्या ओढून म्हातारा होत नाही, मांजर होतं. कानशिलात सावली, गालफडाखाली सावली, हाडावर उजेड. बास.
‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं डिसेंबर १९७० मध्ये. डॉ. लागू तेव्हा ४३ वर्षांचे. हे सांगितलं की दिग्दर्शक लोक गप्प बसतात.

१० नोव्हेंबर
लेकीचा फोन, बंगळुरूहून. ‘आई, फिलर करून टाक ना. आमच्या ऑफिसात कितीतरी जणी करतात.’
‘आणि बाबांना काय सांगू?’
‘बाबांना कळणारच नाही.’
खरंच आहे ते.
कोपऱ्यावरच्या पार्लरनेही पाटी लावलीय, फेशियलबरोबर फिलरवर सूट. भुवया कोरणाऱ्या पोरीच्या हातात सुई द्यायची?

१३ नोव्हेंबर
त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन आले. तरुण बाई, बोलणं तुटक. आवडल्या.
चेहऱ्यातली चरबी म्हणजे सलग थर नव्हे, कप्पे असतात. २००७ मध्ये रोहरिच आणि पेसा या दोन अमेरिकन डॉक्टरांनी मृतांच्या चेहऱ्यात निळा रंग टोचून ते दाखवले. रंग एका कप्प्यात पसरतो, शेजारच्यात शिरत नाही. हे मला तिथल्या तिथे पटलं. प्रत्येक कप्पा आपापल्या वेळेला आटतो, म्हणून गाल एकसारखा बसत नाही, मधेच पायरी पडते. खालचं हाडही झिजतं. डोळ्याची खोबण रुंदावते, वरचा जबडा मागे सरतो. शिवाय पाळी गेल्यावर पहिल्या पाचेक वर्षांत कातडीतलं जवळजवळ ३० टक्के कोलॅजन जातं. माझी ती पाच वर्षं कधीच उलटली.
मग म्हणाल्या, ‘आ करा.’
मी दात दाखवायला गेले नव्हते. पण केला आ. वरच्या उजव्या दोन दाढा नाहीत. दात काढला की तिथलं हाड विरघळत जातं आणि गालाचा टेकू जातो, म्हणाल्या. उजवी बाजू जास्त का बसली ते कळलं.
‘आधी दंतवैद्य. त्यानंतर किमान दोन आठवड्यांनी माझ्याकडे. तोंडात जंतूंचा घोळ चालू असताना मी काही टोचत नाही.’
म्हणजे स्पर्धेच्या आधी होत नाही. तसंही मी विंगेतच असते.

१४ नोव्हेंबर
रात्री लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.
बोटॉक्स स्नायू ढिला करतं. आठ्यांवरचं औषध. माझं दुखणं ते नव्हे.
अल्ट्रासाउंडची, रेडिओफ्रीक्वेन्सीची यंत्रं कातडी थोडी आवळतात, भरत काही नाहीत. वाळक्या चेहऱ्याला उष्णता जास्त झाली तर उरलीसुरली चरबीही जायची.
पॉलिलॅक्टिक ॲसिड. स्वतः भरत नाही, शरीराकडून कोलॅजन करवून घेतं. दोन-तीन खेपा, परिणाम दिसायला काही महिने. टोचल्यावर पाच दिवस, दिवसातून पाचदा, पाच-पाच मिनिटं गाल चोळायचे. अमेरिकेत २००४ मध्ये मंजुरी मिळाली ती एचआयव्हीच्या रुग्णांसाठी, त्यांचे गाल पार खोल जायचे. पसंत पडलं नाही तर विरघळवता येत नाही.
हायलुरॉनिक ॲसिड. जेल. आपल्या कातडीत असतंच. गालात वर्ष-दीड वर्ष टिकतं. नको वाटलं तर हायलुरोनिडेज टोचायचं, विरघळतं. पुसता येणारी गोष्ट. आमच्या धंद्याला हेच जवळचं.
धोका : रक्तवाहिनीत गेलं तर रक्त अडतं, कातडी मरते. क्वचित डोळा जातो. नाक आणि भुवयांच्या मधली जागा सगळ्यात वाईट. पार्लरच्या पाटीवर यातलं काही नाही.

१५ नोव्हेंबर
भाऊजी आले होते. मधुमेहाच्या नव्या इंजेक्शनांनी चांगले बारीक झालेत. पोट गेलं, त्याबरोबर गालही गेले. साखर आटोक्यात म्हणून खूश. अक्का स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, ‘सासरे दिसायला लागलेत गं.’

१८ नोव्हेंबर
दंतवैद्य. एका दाढेचं मूळ आत राहिलं होतं, ते काढलं. इम्प्लांट बसवायचं तर आधी हाड भरावं लागेल. तोवर काढता-घालता येणारे दात. आइस्क्रीम खाल्लं, दुसरं काही नाही.

१९ नोव्हेंबर
सूज. गाल छान भरलेला दिसतो.

२९ नोव्हेंबर
दात मिळाले. गालाच्या बाजूची गुलाबी पट्टी किंचित जाड ठेवलीय. ‘गॉडफादर’मध्ये ब्रँडोच्या जबड्यात अशीच दंतवैद्याकडून करवून घेतलेली पट्टी होती, गाल फुगवायला. रंगभूषा डिक स्मिथची. पोराच्या म्हाताऱ्याला उलटं हवंय, गाल आत. त्याची दाढ कोण काढू देणार.
‘स’ म्हणताना शिट्टी वाजते.

२ डिसेंबर
प्रयोग. पोराला घाम फार. कानशिलाची सावली दुसऱ्या अंकात गळ्यापर्यंत आली. मध्यंतरात पुसून, पावडर दाबून पुन्हा बसवली. हात थरथरला नाही. शेवटी तो पायरीवर बसतो तेव्हा वरचा स्पॉट बरोब्बर खोबणीत पडला. प्रकाशवाल्याला चहा पाजला.

१६ डिसेंबर
फिलर. डॉक्टरांनी सरळ बसवून खुणा केल्या. आडवं केलं की गाल मागे पडतो, खड्डा लपतो. पांढरी पेन्सिल. हात सफाईचा आहे. एक खूण मला पटली नाही, बोटाने दाखवली. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं, पुसली, अर्धा सेंटिमीटर वर घेतली.
सिरिंज एका मिलीची. चहाच्या चमच्यात अशा पाच मावतात. एकीचे २५ हजार.
बोथट टोकाची नळी. जेलमध्येच भूल मिसळलेली, दुखलं नाही. पण कातडीखाली काहीतरी करकरत सरकतं ते कानाला ऐकू येतं. दोन्ही गालांत मिळून दोन सिरिंजा. डोळ्यांखाली टोचायला नाही म्हणाल्या. गालाला टेकू मिळाला की तिथली पन्हळ निम्मी आपोआप भरते. कानशिलंही आज नाही.
फार दुखलं, कातडी पांढरी पडली, जांभळी जाळी उठली, नजर अंधुक झाली तर मध्यरात्री असो की पहाट, फोन करायचा. नंबर फ्रिजवर लावलाय. ह्यांनी विचारलं, कोणाचा? म्हटलं, दातांचा.

१७ डिसेंबर
डाव्या गालावर जांभळा डाग. आजचा दिवस मेकअप लावायचा नाही. माझ्याच पेटीत सहा कन्सीलर आहेत.

२० डिसेंबर
डाग पिवळा झालाय. अक्का म्हणाली, ‘दात छान बसलेत हं तुझे.’

२ जानेवारी
डॉक्टरांकडे दाखवून आले. उजवा अजून किंचित कमी. कानशिलं मार्चमध्ये बघू, म्हणाल्या. बघू. त्या पैशांत खऱ्या केसांचा विग येईल, दाढीसकट.

५ जानेवारी
निकाल. पोराला अभिनयाचं रौप्यपदक. रंगभूषेचं पहिलं दुसऱ्या संघाला. त्यांच्या नाटकात वेताळ होता. वेताळापुढे कानशिलं कोण बघतो!
स्पिरिट गम संपलाय. उद्या आणायचा.