गोठ्यातील तीन माश्या

माशी अंगावर बसली की हात आपोआप उठतो. ती कोणती, तिची ठेवण कशी, हे न्याहाळण्याइतकी सवड तिला कोणी देत नाही. मला तो नाद लागला तो एका बैलामुळे.

आमच्या शेजारच्या वृद्ध शेतकऱ्यांना सारा गाव बापू म्हणे. त्यांच्या दावणीला बैलांची एकच जोडी. भाद्रपदात त्यांतील पवळ्या खंगू लागला. वैरणीत तोंड घालावे नि लगेच मान झटकावी, शेपटी एकसारखी आपटावी, रात्री क्षणभर स्वस्थ बसू नये. रब्बीची पेरणी तोंडावर आलेली; एका बैलावर तिफण कशी चालणार? बापू म्हणाले, “मास्तर, पोरांना भिंगातून फुले दाखवता, एकदा याच्या अंगावर काय बसते तेही बघा की!”

मी भिंग व चिमटा घेऊन गोठ्यात गेलो. तेथे एक नव्हे, तीन तऱ्हेच्या माश्या होत्या. तिन्हींना दोनच पंख. मधमाशीला चार असतात. खऱ्या माशीला दोन, आणि मागच्या जोडीच्या जागी दोन लहानशा गाठी. उडताना तोल सांभाळतात त्या याच.

पायांवर बसलेली पहिली माशी घरमाशीची सख्खी बहीण शोभली असती. मात्र तिची सोंड सुईसारखी पुढे आलेली होती. घरमाशीची सोंड मऊ. ती चाटते, टोचत नाही. दुसरी पाठीवरची, थोरली, मोठाल्या चकचकीत डोळ्यांची घोडमाशी. हिची मादीच तेवढी रक्त पिते. मादीच्या दोन डोळ्यांमध्ये फट असते, नराचे डोळे एकमेकांना भिडलेले असतात. सर्रा नावाचा रोग हीच माशी एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते. त्या रोगाचे जंतू ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माईल खान येथे शोधून काढले. तिला पाहून माझ्या पोटात धस्स झाले. पण या माश्या दोनच होत्या.

शेपटीखाली आणि जांघेत मात्र तिसरीची दाटी झाली होती. ही गोमाशी. अंग असे चपटे, जणू कोणी पाटीखाली दाबून ठेवले होते! कातडे चिवट, पायांना आकड्यांसारख्या नख्या, तपकिरी पाठीवर फिकट पिवळे ठिपके. पंखाच्या पुढच्या कडेशी जाड शिरांची गर्दी, मागचा भाग जवळजवळ मोकळा. चाल खेकड्यासारखी तिरकी. चिमटीत दाबली तरी मरत नाही. सोडली की पुन्हा केसांत शिरते. हिचे नर व मादी दोघेही रक्तावरच जगतात. घोड्यावरच्या अशा माशीला लिनीयसने १७५८ साली शास्त्रीय नाव दिले. कुत्र्यावरची व उंटावरची माशी याच गोतातली. आकार आणि ठिपक्यांची मांडणी पाहून त्यांच्या जाती ओळखतात. केवळ जनावर पाहून नाव ठेवणे बरे नव्हे, कारण गाईबैलांवरची माशी घोड्यावरही बसते.

“नाव कळून बैल बरा होतो का?” बापूंनी विचारलेच. प्रश्न रास्त होता. इतर बहुतेक माश्या अंड्यांचे ढीग घालतात. गोमाशी एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, आतल्या आत दुधासारखा रस पाजून तिला पोसते, आणि वाढ पुरी झाली की भिंतीच्या भेगेत वा कोरड्या मातीत ठेवते. काही तासांतच त्या अळीचा काळा, कठीण कोश होतो. म्हणजे नुसते शेण उचलून ही माशी हटणार नव्हती. आम्ही गोठ्याच्या भेगा खरवडल्या. उडदाच्या दाण्यांसारखे मूठभर कोश निघाले! भेगा मातीने लिंपल्या, आणि अंगावरच्या माश्या रोज चिमट्याने काढून रॉकेलच्या पाण्यात टाकल्या. पंधरा-वीस दिवसांत पवळ्या खाली बसून रवंथ करू लागला. पेरणी जोडीनेच झाली.

या गोतात याहून नवलाच्या माश्या आहेत. हरणांवरची एक माशी हरीण सापडेपर्यंतच पंख बाळगते. मग ते गळून पडतात. थंड मुलखातल्या मेंढ्यांच्या लोकरीत राहणारीला तर पंखच नसतात. मेंढपाळ तिला सहज गोचीड समजेल. पण पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ पाय असतात आणि हिचे मोजले तर सहाच भरतात.