गोधडी अंथरावी कोठे?

गोधडीचे गुणगान अलीकडे पुष्कळ ऐकू येते. शहरांतील दुकानांत ती मोठ्या किमतीस विकली जाते आणि परदेशी पाहुण्यांस भेट म्हणूनही देतात. परंतु घरी गोधडी करावयास बसलेल्या गृहिणीस पहिली अडचण येते ती जागेची. पाळण्यातील बाळाचे दुपटे मांडीवरही शिवून होते. दोन माणसांच्या गोधडीला मात्र आधी अंथरावयास भूमी लागते.

आमच्या घरी हा प्रश्न उभा राहिला तो आजेसासूबाईंच्या लुगड्यांमुळे. त्यांच्यामागे पेटीत सहा सुती नऊवारी लुगडी निघाली. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. सासूबाईंनी ठरविले की यांच्या दोन मोठ्या गोधड्या कराव्या. एक आमच्या धुळ्याच्या घरी राहावी व दुसरी जळगावास थोरल्या जाऊबाईंकडे जावी. हिशेब सरळ होता. नऊ वार म्हणजे २७ फूट. त्याचे चार समान तुकडे केले, की प्रत्येक तुकडा पावणेसात फुटांचा. पन्हा सुमारे पावणेचार फूट. तेव्हा दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले, की साडेसात फूट रुंदीचा एक थर तयार होतो. एका लुगड्यात असे दोन थर, तीन लुगड्यांत सहा. हे सहा थर एकमेकांवर नीट बसवून कच्च्या टाक्यांनी टाचावयाचे, म्हणजे भोवती बसण्याची जागा धरून १० फूट चौरस मोकळी जमीन हवी.

आता कोणी म्हणेल, गादीवर अंथरा, सतरंजीवर अंथरा. तसे चालत नाही. खालचा थर कठीण व सपाट पृष्ठावर पडला पाहिजे. गादी हाताखाली दबते आणि तिच्याबरोबर कापडही खाली जाते. सतरंजीवर टाचले, तर सुई सतरंजीसही गोधडीत ओवून घेते. खालचा थर ताठ असावा, पण ओढून ताणलेला नसावा. ताणलेले कापड मोकळे झाले की आखडते आणि वरच्या थरांना झोळ पडतो. म्हणून टाके मध्यापासून कडांकडे घालीत जावे आणि दोन ओळींत वीतभराहून अधिक अंतर ठेवू नये. कच्चे टाके पुढे उसवावयाचेच असतात. पण गोधडीचे सारे भवितव्य त्यांच्यावर अवलंबून असते. पक्क्या धावदोऱ्याने आत अडकलेली चुणी मग जन्मभर पाठीस टोचत राहते.

खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत ही विवंचना नव्हती. ओसरी आदल्या दिवशी शेणाने सारवून खडखडीत वाळू द्यावी, की दुसऱ्या दिवशी गोधडी अंथरावयास मोकळे. सारवलेल्या जमिनीचा एक गुण आमच्या सासूबाई नेहमी सांगतात: ती किंचित खरबरीत असल्याने खालच्या थरास धरून ठेवते. शहाबादी फरशीतही तो गुण थोडासा आहे. आताच्या चकचकीत फरशीवर मात्र कापड पाण्यावरील पानासारखे सरकते. त्याच्या कडा कागदी चिकटपट्टीने चिकटवाव्या लागतात.

फरशी सरकती असो. ती मोकळी तरी कोठे आहे? धुळ्याच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांत आमचे घर. तेथील पुढच्या खोलीत कोच, मधल्या खोलीत पलंग आणि कपाटे. जळगावच्या जाऊबाई तर तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांनी गच्ची सुचविली. परंतु जळगावच्या वैशाखात सकाळी आठनंतर गच्चीवर पाय ठरत नाही. त्याआधी वारा थर उचलतो आणि धूळ थरांमध्ये जाऊन बसते. चारी कोपऱ्यांवर वरवंटे ठेवले तरी मधले कापड फुगावयाचे थांबत नाही. देवळाच्या सभामंडपाचाही विचार झाला. पण तेथे दोन दिवस जागा अडविणे बरे नव्हे.

याहून अवघड गोष्ट सासूबाईंच्या गुडघ्यांची होती. थर कोणत्या क्रमाने घ्यावयाचे, विरलेला भाग कोठे दडवावयाचा, कोणता काठ कोणत्या बाजूस आणावयाचा, हे सारे त्यांच्या हातांस ठाऊक. आणि त्यांस तर जमिनीवर बसणे वर्ज्य झालेले. "तुम्ही करा, मी खुर्चीवरून सांगेन," असे त्या म्हणाल्या खऱ्या; पण ज्या बाईने पन्नास वर्षे घरातील प्रत्येक गोधडीचा पहिला टाका घातला, तिने आपल्याच सासूच्या लुगड्यांच्या वेळी दूर बसून पाहावे, हे आम्हां दोघी जावांच्या मनास पटेना.

ज्या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला, तेथील बायका चार दांड्यांच्या चौकटीवर आपल्या रजया ताणून बसवीत. काही घरांत ही चौकट दोरांनी आढ्यास टांगलेली असे. रात्री ती वर ओढली, की खाली खोली मोकळी! शेजारणी चौकटीभोवती बसून एकाच रजईवर टाके घालीत. आम्हांस चौकट जमण्यासारखी नव्हती. पण दांड्याची युक्ती मात्र तेथल्याच बायकांकडून घेता आली.

जेवणाचे मेज पाच फूट लांब. त्यास मुलांचे अभ्यासाचे मेज जोडले आणि त्याच्या पायांखाली घडी केलेली वर्तमानपत्रे घालून दोन्ही एका पातळीत आणली. आठ फुटांचे दोन गोल लाकडी दांडे आणले. एकावर खालचे तीन थर गुंडाळले, दुसऱ्यावर वरचे तीन. मग दोन्ही दांड्यांवरून हातभर कापड मेजावर उलगडावे, आधी खालचे व नंतर वरचे तळहाताने सारखे करावे, तेवढे टाचावे, आणि टाचलेला भाग पुढे ओढून पुन्हा हातभर उलगडावे. येथे मध्यापासून आरंभ होत नाही. एका काठाकडून दुसऱ्याकडे जावे लागते. म्हणून प्रत्येक वेळी हात एकाच दिशेने फिरवावा. कठीण मेजावर सुईचे टोक वर येईना, तर चमच्याच्या कडेने उचलावे. बोटे वाचतात व मेजास ओरखडे पडत नाहीत.

सासूबाई खुर्चीवर ताठ बसल्या आणि पहिला टाका त्यांनीच घातला. दोन दुपारींत एक गोधडी टाचून झाली. नंतरचा पक्का धावदोरा मांडीवर घेऊनही घालता येतो.

या निमित्ताने एक विचार मनात आला. पूर्वी मजुरीने गोधड्या शिवणाऱ्या बाया आमच्या मागील पडवीत दिवस दिवस वाकून बसत. त्यांची पाठ दुखते का, हे कोणी विचारल्याचे सासूबाईंस स्मरत नाही. सारवलेली ओसरी गोधडीस उत्तम होती. शिवणारणीस ती तितकी उत्तम होती, असे म्हणवत नाही. आज कोणाकडे अशी बाई कामास येत असेल, तर तिला मेज द्यावे, खुर्ची द्यावी, आणि मजुरी देताना तिच्या डोळ्यांचा व कण्याचाही विचार करावा.

मेजाचा एक उणेपणा आहे, तोही सांगितला पाहिजे. ओसरीवर गोधडीभोवती सहा-सात जणी बसत, आणि पोरी न शिकविता शिकत. मेजाशी तिघींहून अधिक जणींस हात घालता येत नाही. यास उपाय एवढाच, की टाचण्याचे काम सुटीच्या दिवशी काढावे आणि दांडे धरावयास घरातील मुलांस उभे करावे. आमच्या घरी मुलगे दांडे फिरवीत होते. आपल्या पणजीचे कोणते लुगडे कोणत्या सणाचे, हे त्यांस तेथेच कळले.