कलमावरचे राखी डाग

पुणे, ऑक्टोबर

ती. बापूकाका,


काडेपेटीतून पाठवलेला सालीचा तुकडा मिळाला. तुम्ही लिहिता, परसातल्या जुन्या हापूसच्या खोडाला राखी डागांचा रोग लागलाय, वरची एक फांदी वठत चाललीय आणि शेजारी म्हणतात, तारेच्या ब्रशने खरवडून सगळ्या खोडाला बोर्डो पेस्ट फासा. ब्रश हाती घेण्याआधी पत्र पोचावं म्हणून लगेच लिहायला बसले. फांदी वठतेय हे खरं, पण तिचा मारेकरी हे डाग नव्हेत. त्यांच्यावर राग काढत बसलात तर खरा चोर सुटायचा.

तुकडा भिंगाखाली धरला. मध्यापासून बाहेर पसरत गेलेल्या अरुंद पाळ्या, एकेक जेमतेम मिलिमीटरभर रुंद, सालीला घट्ट बसलेल्या. रंग राखी, टोकांशी पांढुरकी झाक. कडांना पिठूळ पुंजके आणि मध्ये मध्ये काळ्या टिकल्या. नखाने एक पाळी उचलली तर खालची बाजू काळीकुट्ट, तिला बारीक तंतू. मग कोपऱ्यावरच्या वाण्याकडून नोटा तपासायचा जांभळा दिवा मागून आणला आणि खोलीत अंधार केला. डाग पिवळाधमक पेटला! वरच्या थरातल्या लिकेक्झॅन्थोन नावाच्या द्रव्याची ही करामत. या सगळ्या खुणा जुळतात त्या पिक्सिने कोकोएस या शैवाकाशी. काकू गोड्या मसाल्यात घालते त्या दगडफुलाच्याच जातकुळीतलं, फक्त हे खोडावरून सहज सुटून यायचं नाही आणि मसाल्यात कोणी घालायचंही नाही.

शैवाक म्हणजे एकट्या वनस्पतीचं काम नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांचं ते सामाईक बिऱ्हाड. झिमॉन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७च्या सुमारास हे प्रथम मांडलं, तेव्हा बड्या बड्या शैवाक-अभ्यासकांनी त्याला उडवून लावलं होतं. बाहेरचा राखी थर बुरशीचा. त्याच्या आत ट्रेबॉक्सिया नावाच्या हिरव्या शेवाळाच्या गोल पेशी. शेवाळ उन्हावर साखर तयार करतं, त्यावर बुरशी जगते. तुम्हीही करून बघा: दुपारी कोरड्या डागावर पाण्याचा थेंब सोडा. बघता बघता राखी रंगातून हिरवट छटा वर येते, कारण भिजल्यावर वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शेवाळ दिसू लागतं. पाणी मिळालं की कारभार सुरू, वाळलं की बंद. एप्रिल-मेच्या उन्हात ते महिनोन् महिने असंच निपचित पडून राहतं, म्हणून वर्षाकाठी त्याची वाढ मिलिमीटरांतच मोजायची.

आता हे झाडाचं काही ओढून घेतं का म्हणाल, तर बांडगूळ तुमच्या चांगल्या परिचयाचं आहे. ते फांदीच्या लाकडात मुळं घुसवतं आणि झाडाचं पाणी, क्षार ओढतं. ते तोडायलाच हवं. शैवाकाला मुळंच नाहीत. ते काळे तंतू सालीच्या बाहेरच्या, आधीच मेलेल्या थरापर्यंतच जातात, धरून बसण्यापुरते. त्याचं पाणी पावसाचं, दवाचं, धुक्याचं. क्षार हवेतल्या धुळीतले.

मग वठलेल्या फांदीवरच ते जास्त का, असं तुम्ही विचारणार. फांदी आतून खचली की आधी पानं विरळ होतात. पानं गेली की सालीवर ऊन पडतं आणि उन्हाला आसुसलेलं शेवाळ तिथे जोर धरतं. शिवाय खुरटलेल्या फांदीचा घेर वाढत नाही, साल झडत नाही, त्यामुळे जागाही मोडत नाही. आधी फांदी आजारी पडते, शैवाक मागाहून पसरतं. आपल्याला दोन्ही एकदम दिसतात आणि आळ येतो दिसणाऱ्यावर.

ही जात प्रथम नोंदवली ती ओलोफ स्वार्ट्झ या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने, वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर १७८८ साली. १८५७ साली विल्यम निलँडरने तिला आजच्या पिक्सिने प्रजातीत बसवलं. याच निलँडरने १८६६ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या झाडांवरची शैवाकं नोंदवली आणि शहरात इतरत्र ती दिसेनाशी होण्याचा संबंध बिघडलेल्या हवेशी जोडला. तेव्हापासून ‘शैवाक दिसलं म्हणजे हवा शुद्ध’ असं सरसकट म्हटलं जातं. पण तुमच्या डागांवरून गावच्या हवेचं कौतुक करू नका. ही जात मोठी चिवट. उत्तरेत भर रहदारीच्या रस्त्याकडेच्या आंब्यांवरही ती सुखाने राहते. मुळं नसल्याने हवेतून येईल ते अंगात साठवते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ नेमका याचाच उपयोग करून घेतात: औष्णिक वीज केंद्राच्या आसपासच्या झाडांवरून हीच जात काढून आणतात आणि तिच्यात कोणते धातू किती उतरलेत ते मोजतात. निव्वळ तिच्या असण्यावरून हवा कळत नाही, ती तिच्या पोटात काय सापडतं त्यावरून कळते.

तेव्हा ब्रश ठेवून द्या. खरवडल्याने शैवाक जाईल, पण सालीला जखमा होतील. खोडकिड्याचा भुंगेरा अंडी घालायला सालीतल्या भेगाच शोधत असतो. त्याची सोय आपण कशाला करायची?

त्यापेक्षा वठणाऱ्या फांदीवर आणि तिच्या बुडाशी भोकं आहेत का बघा. भोकातून लाकडाचा भुसा येत असेल, खाली पडत असेल, तर किडा आत आहे. साल फाटून डिंक गळतोय का, तेही पाहा. बुंध्याशी पावसाळ्यात पाणी साचलं होतं का आठवा, आणि चार-दोन बांडगुळं असतील तर गड्याला वर चढवून मुळासकट काढून घ्या. भुसा दिसला तर कृषी सहायकाला बोलवा. किडा आत असेल तर मोहोरापर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

आणि पेस्टसाठी मोर्चूद-चुना आणून ठेवलाच असेल, तर तो वाया जायचा नाही. मेलेली फांदी जिवंत लाकडापर्यंत कापा आणि पेस्ट त्या कापाला लावा. बोर्डो पेस्टची जागा ती. शेजाऱ्यांनाही हेच सांगा. त्यांच्या रायवळावर तुमच्याहून दाट डाग असणार आणि तरी तो दरवर्षी लगडतो, याची त्यांना आठवण करून द्या.

सौ. काकूस नमस्कार. भुसा सापडला की नाही ते कळवा.

तुमची,
धाकटी पुतणी