चाकोरीबाहेर जाताना

माणसाने चाकोरीबाहेर पडावे, असा उपदेश आम्हा बँकवाल्यांना उठता-बसता ऐकावा लागतो. गॅदरिंगचे पाहुणे, निवृत्त मुख्याध्यापक, सासरची मंडळी, सगळ्यांचे या एका मुद्द्यावर एकमत असते. सकाळी खुर्चीत बसायचे, संध्याकाळी डेबिट-क्रेडिट जुळवायचे आणि दहा रुपयांचा फरक सापडेपर्यंत घरी जायचे नाही, हा काय जन्म झाला? माझी शंका एवढीच, की यांतल्या निम्म्यांनी खरी चाकोरी कधी पाहिलेली नसते. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी वाटेत पाडलेली खोबण. ती पाहायची तर डिसेंबरात आमच्या शिरोळ तालुक्यात यावे.

तसे जयसिंगपूर हे सरळ रेषेतले गाव. राजर्षी शाहू महाराजांनी ते वडिलांच्या, म्हणजे जयसिंगराव घाटग्यांच्या नावाने वसवले. रस्ते आखीव, गल्ल्यांना आकडे. सगळे कसे लेजरच्या रकान्यांसारखे. इथे चुकायचे म्हटले तरी चुकता येत नाही. पण हद्द संपली की ऊस सुरू होतो आणि उसात पाणंदी सुरू होतात. पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंच्या मालकांनी वर्षानुवर्षे बांध कोरूनही जी वाट शिल्लक राहिली ती.

परगावच्या माणसाला वाटते, हिवाळ्यात कसली भीती? पाऊस नाही, रस्ता खडखडीत. इथेच तो फसतो. आमच्याकडे हिवाळ्यातला पाऊस आभाळातून पडत नाही, मोटारीतून पडतो. शेतीपंपाची वीज कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रपाळीला पाणी पाजणाऱ्याचा जरा डोळा लागला की पाट फुटतो आणि पाणंद भिजते. सकाळच्या उन्हात वर पापडी धरते आणि खाली लापशी तशीच राहते. त्यात माती काळी. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते आणि अर्धवट ओली असली की टायरच्या खाचा भरून त्याचा गुळगुळीत रूळ करून टाकते. त्यावरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेल्या ओढत जातात आणि गुडघाभर चाकोरी पाडतात.

गेल्या डिसेंबरात माझा पुण्याचा मेव्हणा या चाकोरीत जीपसह उतरला. जीप नवी, चारही चाकांना इंजिनाची ओढ. पुण्यात तिने तोवर सोसायटीचा स्पीडब्रेकर सर केला होता. आम्ही निघालो होतो खिद्रापूरला, कोपेश्वराचे देऊळ पाहायला. कुरुंदवाडवरून चांगला डांबरी रस्ता जातो. पण मोबाइलमधली बाई म्हणाली, डावीकडे वळा. घरच्या बाईचे, म्हणजे बहिणीचे, न ऐकणारा मेव्हणा लगेच वळला.

"दाजी, याला ऑफ-रोडिंग म्हणतात."

"आमच्याकडे याला शेतावर जाणं म्हणतात," मी म्हणालो.

शंभरेक पावलांवर जीप थांबली. चाके फिरत होती, जीप जागच्या जागी. ट्रॅक्टरची उंची वेगळी, जीपची वेगळी. चाके चाकोरीत उतरली आणि पोट मधल्या वरंब्यावर टेकले. आता चारही चाकांना ओढ असून उपयोग काय? ती जमिनीला नीट टेकायला तर हवीत! खात्यात रक्कम आहे, पण सही जुळत नाही, तशी गत. मेव्हणा जितका ॲक्सिलरेटर दाबी, तितकी ती आणखी रुतत जाई. मागून सौ. म्हणाल्या, "कोपेश्वराला इथूनच हात जोडूया का?"

इतक्यात मागून गाणे ऐकू आले. आमच्याकडचा उसाचा ट्रॅक्टर आधी ऐकू येतो, मग दिसतो. मोकळ्या ट्रेल्या घेऊन तो फडाकडे निघाला होता आणि त्याची वाट आम्ही अडवली होती. फडात बीडकडची टोळी तोडलेला ऊस ठेवून थांबलेली. त्यांची मजुरी टनावर, आणि पडून राहिलेल्या उसाचे वजन घटते. आमचे साहस तासभर चालले. त्या तासाचे पैसे कुणाच्या खात्यातून गेले, हे कळायला बी. कॉम. व्हावे लागत नाही.

तरी कुणी रागावले नाही. ट्रेल्या सोडल्या, साखळी लावली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने काठीने चिखल चाचपला.

"पावणं, चाकात हवा लई हाय, जरा सोडा. आन् खोबणीत कशाला उतरलासा? एक चाक वरंब्यावर, एक बांधाकडनं घ्यायचं."

जीप निघाली. मेव्हणा पाकीट काढू लागला, तेव्हा म्हाताऱ्याने हात हलवला. "र्‍हाऊ द्या. चिखलात अडाकल्यालं माणूस निघतंय वं. रातच्याला तेवढं जपा. ट्रेलीला पाठीमागं डोळं नसत्यात."

मेव्हण्याला तो विनोद वाटला. मला वाटला नाही. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम; थंडीत नदीकाठी धुके असे उतरते की स्वतःचा बॉनेट दिसू नये. घाबरून माणूस मोठा दिवा लावतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय पोचायलाच तेवढा वेळ लागतो. आणि पुढे ट्रेली उभी असते. पंक्चर झालेली, भोवती चार दगड मांडलेली. हंगामाच्या तोंडावर पोलीस, आरटीओ आणि कारखाने लाल रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम काढतात. पंधरा दिवसांत त्यावर चिखल बसतो, नाहीतर वरून उसाचे शेंडे लोंबतात. ट्रेली निघून गेली तरी दगड तिथेच राहतात, मोटारसायकलवाल्याची वाट पाहत.

हे मला काउंटरवर बसून कळले. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये कापले जातात. अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख मिळतात. एका फेब्रुवारीत तिशीची एक बाई फॉर्म घेऊन आली. पंचनाम्यात एक ओळ होती : उभ्या ट्रेलीस मागून धडक. नवऱ्याच्या पासबुकातल्या वीस रुपयांच्या नोंदीवर बोट ठेवून तिने विचारले, "साहेब, ह्येच का त्ये?" मी हो म्हणालो. कागद सगळे बरोबर होते. त्या संध्याकाळी डेबिट-क्रेडिटही पहिल्या फटक्यात जुळले. फरक शून्य. तरी बराच वेळ मी खुर्चीतून उठलो नाही.

तेव्हा मंडळी, चाकोरीबाहेर जरूर पडा; पण आधी गाडीतून उतरून काठीने चाचपा, उसाच्या वळणावर हॉर्न द्या आणि धुक्यात दिवा खाली ठेवा. आणि ट्रॅक्टरवाल्या दादा, तुमच्या गाण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. निघताना तेवढी मागची लाल पट्टी पुसत चला. त्याला चारही चाकांची ओढ लागत नाही, एक फडके पुरते.